आठ मिनिटांची चतुर्थी

"किती वाजता?" गुरुजींनी फोनवर विचारले आणि दादाने काही न बोलता फोन माझ्याकडे सरकवला. त्या रात्री आईजवळ मी होते, तो प्रवासात होता, तेव्हा उत्तर मीच द्यायला हवे होते. "पहाटे, चार-सव्वाचारच्या सुमारास," मी म्हणाले. गुरुजी क्षणभर थांबले. "सुमारास नको, ताई. मिनिटांसकट सांगा. आज पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी तिथी बदलते आहे." जेवणाच्या टेबलावर रुग्णालयातून मिळालेला कागद उलगडून ठेवलेला होता आणि तो उडू नये म्हणून दादाने त्यावर आईच्याच चष्म्याचे घर ठेवले होते. मी ते बाजूला केले आणि कागदावरची वेळ वाचून दाखवली : ४ वाजून २५ मिनिटे. पलीकडे पाने चाळल्याचा आवाज आला. पंचक नाही, त्रिपाद नक्षत्र नाही, असे काहीतरी ते स्वतःशीच पुटपुटले आणि मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "म्हणजे तृतीया संपून चतुर्थी लागली होती. वद्य चतुर्थी, आणि आज मंगळवार. अंगारकीला गेल्या हो तुमच्या आई. पुण्यवान बाई."

आईने चाळीस वर्षांहून अधिक काळ संकष्टी केली होती. त्यामुळे दुपारपर्यंत हे वाक्य सगळ्या नातेवाइकांत पोहोचले. भेटायला येणारा प्रत्येकजण चपला काढता काढताच ते म्हणत होता. मावशीने माझा हात हातात घेऊन सांगितले की गणपतीनेच तिला बोलावून घेतले, दिवस निवडून. मी मान हलवली. कोणी सांत्वन म्हणून हातावर काही ठेवले तर ते परत करता येत नाही.

पण आई चतुर्थीला गेली नव्हती.

त्या रात्री वॉर्डात फक्त दाराजवळचा दिवा चालू होता. दोन वाजल्यापासून तिच्या दोन श्वासांमधले अंतर वाढत चालले होते. सुरुवातीला मी ते मनात मोजत होते, मग मोजणे सोडून दिले, कारण प्रत्येक वेळी आता पुढचा येणार नाही असे वाटायचे आणि तो यायचा. शेवटचा श्वास ओळखू येत नाही, ही गोष्ट मला तेव्हा कळली. तो इतर श्वासांसारखाच असतो. पुढचा आला नाही म्हणजे आपण मागे वळून ठरवतो की तो शेवटचा होता, आणि तेवढ्यात किती वेळ गेला हे सांगता येत नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले तेव्हा त्यात ४ वाजून १० मिनिटे झाली होती. ते घड्याळ पाच मिनिटे पुढे आहे, असे सिस्टरने संध्याकाळीच सांगितले होते. मी तिला बोलावले, तिने मनगट धरून पाहिले आणि डॉक्टरांना निरोप दिला. मी बाहेरच्या बाकावर बसून दादाला फोन केला. रात्रपाळीचे डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर एका अत्यवस्थ रुग्णापाशी होते. ते आले, ईसीजीची पट्टी काढली, ती सरळ रेषा मला दाखवली आणि मग आपल्या घड्याळात पाहून वेळ लिहिली. यात कोणाची काही चूक नाही. खात्री झाल्याशिवाय वेळ लिहायची नसते, आणि खात्री झाली ती वेळ खरोखरच ४ वाजून २५ मिनिटांची होती. तृतीया ४ वाजून १७ मिनिटांपर्यंत होती. माझ्या हिशेबाने आई ती संपण्याच्या बारा मिनिटे आधी गेली आणि कागदाच्या हिशेबाने आठ मिनिटे नंतर.

हे मी त्या सकाळी टेबलाशी बसून बोलू शकले असते. तृतीया की चतुर्थी याने मला काय फरक पडणार होता? मी तिथी पाळणाऱ्यांतली नाही. माझी पंचांगाशी ओळख भिंतीवरच्या कॅलेंडरपुरती, तीही सुट्ट्या पाहण्यापुरती. मग कागद वाचून दाखवताना माझा आवाज बदलल्याचे मला का जाणवले, हा प्रश्न पुढे कितीतरी दिवस पायात मोडलेल्या काट्यासारखा ठसठसत राहिला. ज्याच्यावर विश्वास नाही त्या हिशेबातसुद्धा खोटे लिहिले गेलेले माणसाला चालत नाही, असे काहीसे ते असावे.

म्हणून मग मी आयुष्यात पहिल्यांदा पंचांग विकत आणले आणि मुखपृष्ठापासून वाचायला बसले. बारीक अक्षर, आकड्यांच्या रांगा, संक्षेपांची स्वतंत्र भाषा. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही पाच अंगे शाळेत पाठ केली होती, पण तिथी म्हणजे दिवसाचे जुने नाव अशीच माझी समजूत होती. तसे ते नाही. तिथी हा दिवस नव्हे, ते अंतर आहे. आकाशात चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते. असे तीस टप्पे झाले की तो पुन्हा सूर्यापाशी येतो आणि अमावास्या होते. चंद्राचा वेग मात्र सारखा नसतो. पृथ्वीच्या जवळ असताना तो घाईने जातो, दूर असताना रेंगाळतो, त्यामुळे एखादी तिथी वीस तासांत आटोपते तर एखादी सव्वीस तास चालते. जुने ज्योतिषी याला 'बाणवृद्धी रसक्षय' म्हणत. बाण म्हणजे पाच, रस म्हणजे सहा. साठ घटकांच्या दिवसाहून तिथी फार तर पाच घटकांनी मोठी किंवा सहा घटकांनी लहान. आजच्या सूक्ष्म गणिताने घट याहून बरीच जास्त निघते, पण शब्द सुंदर आहे. अशी ही तिथी सकाळी, भर दुपारी, मध्यरात्री, कोणत्याही मिनिटाला बदलते आणि तीही देशभर एकाच क्षणी. सूर्योदय मात्र गावागणिक निराळा. नागपूरला उजाडते तेव्हा मुंबईला सुमारे पंचवीस मिनिटे अवकाश असतो. एक सरकती पट्टी आणि एक गावाला बांधलेली पट्टी एकमेकींवर ठेवून पंचांगकर्ते दिवस नेमतात. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची. एकच तिथी दोन सूर्योदयांना सापडली तर वृद्धी, आणि दोन सूर्योदयांच्या मध्येच उगवून मावळली तर तिचा क्षय. क्षय झालेली तिथी कॅलेंडरच्या चौकटीत मावत नाही, पण आकाशात ती पूर्ण बारा अंशांची असते, हे वाचून मला उगीचच बरे वाटले होते.

आणि वार? तो तर मध्यरात्री बदलतच नाही. पंचांगाचा वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो. थंडीचे दिवस होते, उजाडायला जवळजवळ सात वाजले असते. म्हणजे पहाटे सव्वाचारला काय किंवा साडेचारला काय, पंचांगाप्रमाणे अजून सोमवारच होता. रुग्णालयाच्या कागदावर मंगळवारची तारीख, कारण तिथे दिवस रात्री बारा वाजता बदलतो. गुरुजींच्या वाक्यात तिथी पंचांगाची आली आणि वार सरकारी. त्यांना हे ठाऊक नसेल असे मुळीच नाही. हा तर त्या शास्त्रातला पहिला धडा. मला वाटते, फोनवरचा आमचा आवाज ऐकून त्यांनी ते जाणूनबुजून जुळवून दिले.

या सगळ्यात आईला मजा वाटली असती, कारण तिचा स्वतःचा जन्म अगदी उलट्या पद्धतीने नोंदलेला होता. तिची जन्मतारीख कोणालाही माहीत नव्हती. शाळेच्या दाखल्यावर १ जून होती, जशी तिच्या पिढीतल्या असंख्य मुलांची होती. शाळेतल्या गुरुजींनी नाव घालताना सगळ्यांना सरसकट एक जून दिला आणि अर्धा वर्ग एकाच दिवशी जन्मला. तिथी मात्र पक्की होती : आषाढी एकादशीचा आदला दिवस. तिच्या आईला दुसऱ्या दिवशीच्या उपासाचे साबुदाणे भिजवता भिजवता कळा सुरू झाल्या होत्या, आणि घरात ती कथा इतक्या वेळा सांगितली गेली होती की तिथी चुकणे शक्यच नव्हते. निवृत्तीनंतर तिच्या सहकारी मैत्रिणी १ जूनला शुभेच्छांचे फोन करायच्या, ती आभार मानायची आणि फोन ठेवून म्हणायची, "दाखल्याचा वाढदिवस झाला एकदाचा." खरा वाढदिवस दरवर्षी अकरा दिवसांनी मागे सरकायचा आणि अधिक मास आला की उडी मारून पुढे जायचा. बारा चांद्रमासांचे वर्ष ३५४ दिवसांचे, सूर्याचे ३६५ दिवसांचे. ती तूट भरून काढायला ३२-३३ महिन्यांनी एक महिना जास्तीचा घालतात, हे तिने मला नकाशावर गाव दाखवावे तसे कॅलेंडरवर बोट फिरवून शिकवले होते. तारीख आणि तिथी दर १९ वर्षांनी पुन्हा जवळपास एकत्र येतात, हेही तिनेच सांगितलेले. माझ्या अडतिसाव्या वाढदिवसाला तिने दोनदा ओवाळायचे कष्ट वाचले म्हणून माझेच आभार मानले होते.

संकष्टीची मला आठवते ती मुख्यतः भूक. उपास आईचा असायचा, पण मोदक चंद्रोदयानंतरच मिळणार असल्यामुळे भूक आम्हा सगळ्यांची. वद्य चतुर्थीचा चंद्र रात्री नऊ-साडेनऊला, कधी त्याच्याही नंतर उगवतो. कॅलेंडरात गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा छापलेल्या असत आणि त्या रकान्यावर आईचे बोट फिरून फिरून हळदीचा पुसट डाग पडलेला असे. आम्ही दोघे सात वाजल्यापासून गच्चीच्या फेऱ्या मारायचो. आमच्या पूर्वेला एक उंच इमारत झाल्यापासून छापील वेळ आणि चंद्राचे दर्शन यांच्यात सहज अर्धा तास पडू लागला. दादा तावातावाने वाद घालायचा : कॅलेंडर म्हणते उगवला, म्हणजे उगवला, इमारतीने अडवला तर त्यात आपला काय दोष? आई निरंजनात तूप घालता घालता म्हणायची, "दिसल्याशिवाय कसा उगवला?" पावसाळ्यात मात्र तिचा नियम निराळा. आभाळ भरलेले असले की ती छापील वेळेवर निमूटपणे विश्वास ठेवायची, पूर्वेकडे तोंड करून अर्घ्य द्यायची आणि पाने घ्यायची. या दोन नियमांत विसंगती आहे असे दादा म्हणत असे. मला आता तसे वाटत नाही. जिथे डोळ्यांना दिसणे शक्य आहे तिथे कागद नको, आणि जिथे दिसणारच नाही तिथे कागद, इतके ते सरळ होते.

प्रत्येक व्रताला तिथीचा निराळा तुकडा लागतो, हे मला पंचांग वाचताना नव्याने कळले. रामनवमीला मध्याह्नी नवमी हवी, जन्माष्टमीला मध्यरात्री अष्टमी, लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळी अमावास्या, संकष्टीला चंद्रोदयी चतुर्थी. श्राद्धाला अपराह्णकाळ, दिवसाचे पाच भाग केले की चौथा, म्हणजे दुपार कलल्यावरचा. 'धर्मसिंधू'सारख्या ग्रंथांत तिथी दोन दिवसांत विभागली गेली तर कोणता दिवस घ्यावा याची चर्चा पानेच्या पाने चालते, आणि ती वाचताना मला सारखे जाणवत होते की ही मंडळी संदिग्धतेला घाबरत नव्हती. त्यांनी तिला नियमांत जागा करून दिली होती. ज्यांच्या मृत्यूची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे. तिथी माहीत आहे पण दोन माहीत आहेत, अशांसाठी काय, ते मला सापडले नाही.

पंचांगातली अचूकता तरी कोणाची, हा प्रश्न आणखी निराळा. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० च्या सुमारास, 'ग्रहलाघव' लिहून त्रिकोणमितीतल्या 'ज्या' आणि 'कोटिज्या' यांच्या किचकट कोष्टकांवाचून ग्रहगणित करायची सोय केली आणि महाराष्ट्रातील पंचांगे पुढे कितीतरी पिढ्या त्यावर चालली. कालांतराने आकाश आणि गणित यांच्यात काही घटकांचे अंतर पडू लागले. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी वेधांशी जुळणाऱ्या गणिताचे पंचांग काढले, पुढे लोकमान्य टिळकांनी त्या बाजूने जोर लावला, आणि राशिचक्राचा आरंभबिंदू रेवतीच्या ताऱ्यावरून धरायचा की चित्रेच्या, यावरून मोठे वाद झाले. ते पुरते मिटलेले नाहीत. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत मकरसंक्रांत चारएक दिवस आधी येते, आणि ज्या वर्षी अधिक मास निराळा पडतो त्या वर्षी त्यांचे गणपती महिनाभर आधी बसतात. माझ्या एका मैत्रिणीचे सासर असे आहे. शेजारचे घर अजून मखराचे सामान आणत असते तेव्हा यांचे विसर्जन होऊन गेलेले असते. मला या वादात एकच गोष्ट हवी होती : तिथी त्यात सुटते. तिथी म्हणजे दोघांमधले अंतर असल्यामुळे मोजायला सुरुवात कुठूनही करा, अंतर तेवढेच राहते. आईची तिथी मला बदलून मिळण्याची ती वाट बंदच होती.

मिनिटांचा हा हट्ट जिथे सर्वांत उघड दिसतो ते लग्न. मुळात लग्न हा शब्दच काळाचा आहे. पूर्व क्षितिजावर उगवत असलेली राशी म्हणजे लग्न, आणि ती सुमारे दोन तासांनी बदलते. दोन माणसांच्या आयुष्यभराच्या सोबतीला आपण मराठीत त्या क्षितिजावरच्या राशीचे नाव दिले आहे आणि ते विसरूनही गेलो आहोत. आईच्या लग्नात भटजींनी घटिकापात्र आणले होते. बुडाला सुईएवढे छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे. तिच्या लग्नात एक लहान मुलगा त्या पात्रात बोट घालून खेळला आणि वाटी अवेळी बुडाली. भटजींनी शांतपणे कोटाच्या खिशातून साखळीचे घड्याळ काढले आणि म्हणे ते तरी बरोबर असते का, म्हणून एका पाहुण्याने आपले पुढे केले. दोन घड्याळांत तीन मिनिटांचा फरक निघाला. अंतरपाटाआड आई आणि बाबा उभे, अक्षता मुठीत ओल्या झालेल्या, आणि भटजी मंगलाष्टकाचे एकेक कडवे लांबवत चाललेले. शेवटी त्यांनी 'तदेव लग्नं सुदिनं तदेव' म्हटले आणि अंतरपाट दूर केला. त्या श्लोकाचा अर्थ आईला फार आवडायचा : देवाचे स्मरण होते तेच लग्न, तोच सुदिन, तेच ताराबळ आणि चंद्रबळ. इतकी घटका-पळे मोजून झाल्यावर अगदी शेवटच्या क्षणी हे सगळे मोजणे माफ करणारा श्लोक म्हणायचा, ही युक्ती ज्याने काढली तो माणूस मला भेटायला हवा होता. आपले लग्न नेमके मुहूर्तावर लागले का, असे कोणी विचारले की आई म्हणायची, "दोन्ही घड्याळांच्या मधोमध."

राहुकाळ मात्र मी आईच्या तोंडी कधी ऐकला नाही. आता माझ्या कार्यालयातली तरुण मुले मोबाईलवर त्याची सूचना लावून ठेवतात आणि महत्त्वाचा ईमेल दीड तास अडकवून ठेवतात.

वर्षश्राद्ध तारखेच्या दहा-अकरा दिवस आधी आले. दादाने चतुर्थी धरून रजा टाकली, गुरुजी आले, अपराह्णकाळी पिंड झाले. मी आदल्या दिवशी दुपारी, काही न करता, नुसती गॅलरीत बसून राहिले होते. पुढे तसेच ठरून गेले. वर्षातून आईचे तीन दिवस येतात : माझी तृतीया, सगळ्यांची चतुर्थी, आणि बँकेपासून पेन्शनच्या कचेरीपर्यंत सर्वत्र चालणारी तारीख. तृतीयेबद्दल मी कोणाला सांगितले नाही. सांगितले असते तर मावशीची अंगारकी गेली असती, आणि ते माझ्याच्याने होण्यासारखे नव्हते.

मग एका वर्षी पितृपंधरवड्याच्या आधी कॅलेंडरचे पान उलटले आणि एकाच चौकटीत छापलेले दिसले : तृतीया श्राद्ध, चतुर्थी श्राद्ध. तृतीया त्या दिवशी दुपारी अपराह्णातच संपत होती आणि चतुर्थी तिथूनच सुरू होऊन दुसऱ्या दिवशी दुपार कलण्याआधी संपत होती. दोन्ही तिथींना अपराह्ण मिळत होता तो तेवढा एकच. मी त्या दिवशी सकाळीच दादाकडे गेले. संध्याकाळी चतुर्थीचा चंद्रोदय होता म्हणून संकष्टीही तीच. आईमागे ती वहिनी करते. तिने श्राद्धाच्या पानाचा नुसता वास घेतला आणि उपास तसाच ठेवला.

रात्री नऊच्या सुमाराला आम्ही दोघे त्याच्या गॅलरीत उभे होतो. पूर्वेला भाद्रपदातले विरळ ढग होते, मधूनमधून फाटणारे. दादा एकदम म्हणाला, "बरे झाले आज. दोन्ही एकाच दिवशी आल्या."

"दोन्ही म्हणजे?"

त्याने खिशातून मोबाईल काढला, बराच वेळ बोटाने मागे मागे जात राहिला आणि एक चित्र माझ्यासमोर धरले. आलेल्या कॉलची यादी होती. सर्वांत वर माझे नाव, खाली वेळ : ४ वाजून ९ मिनिटे. "फोन बदलला तेव्हा एवढे काढून ठेवले," तो म्हणाला. "तू 'आई गेली' म्हणालीस तेव्हा मी बसमध्ये होतो. तारीख-वेळ पाहायची सवय, पाहिली."

"मग त्या दिवशी गुरुजींना का नाही सांगितलेस?"

"तू कागद वाचलास ना. मला वाटले, तुला तेच हवे आहे."

मी काही बोलले नाही. आतून वहिनीने पाने मांडल्याचा आवाज येत होता. मग ती दाराशी येऊन म्हणाली की कॅलेंडरातली वेळ केव्हाच होऊन गेली आहे, आता आत या, मोदक निवतील. दादाने कठड्यावरचे हात काढले नाहीत.

"थांब जरा," तो म्हणाला. "अजून दिसला नाही."